खाडीतला कचरा कयाकने काढायचा तर



घरातला आणि वाडीतला कचरा वेगळा कसा करायचा, ओल्याचं खत कसं करायचं हे आपण आधीच्या पाठांत शिकलो. या वेळी त्या कचऱ्याकडे वळू या, जो आपल्या हातातून सुटला आणि पाण्याला मिळाला. खाडीकाठच्या गावांतल्या गटांकडून हा विषय वरचेवर येतो. आता कयाक नावाची लहान होडी बऱ्याच पर्यटन गावांत आली आहे आणि तिच्यातून खाडी साफ करता येते हेही काहींनी मोबाइलवर पाहिलं आहे. करता येते, हे खरं. पण कशी, कधी आणि कोणाच्या खर्चाने, हे आधी समजून घेऊ.

कचरा कुठे अडकतो

जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला की वर्षभर व्हाळात, गटारात आणि रस्त्याच्या कडेला साठलेलं सगळं वाहून खाडीत उतरतं. तिथून ते सरळ समुद्रात जातं असं आपल्याला वाटतं. पण खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. भरतीबरोबर बाटल्या, पिशव्या, चपला, थर्माकोल आत चढतात, आणि पाणी ओसरताना कांदळवनाच्या फांद्यांत, मुळांत अडकून राहतात. पुढच्या उधाणाला त्यातलं थोडं सुटतं, नवीन अडकतं. त्यामुळे कांदळवन म्हणजे खाडीची गाळणीच झाली आहे.

तिवराच्या झाडाखाली चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली तुम्ही पाहिली असतील. झाड त्या मुळांनी श्वास घेतं, कारण खारट चिखलात हवा जवळजवळ नसते. त्यांच्यावर प्लास्टिकचा कागद पसरला की झाडाचं नाक दाबल्यासारखं होतं. लहान रोपं तर पिशवीच्या ओझ्यानेच वाकून मरतात. कांदळवन गेलं की कुर्ल्यांची, कोळंबीच्या पिल्लांची लपायची जागा जाते आणि काठाची माती धुपायला लागते. आपल्या राज्याने २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केला, तो याच कुटुंबातला.

आणि झाडांचं सोडा, आपल्यातल्या ज्या बाया ओहोटीला तिसऱ्या, मुळे, कालवं काढायला उतरतात त्यांचे पाय बघा. काचेने कापलेले. त्या बायांची रोजी त्याच चिखलात आहे, म्हणून हा विषय आपल्या पत्रिकेत आला.

कयाकच का

कांदळवनात चालत जाऊन कचरा काढायचा तर गुडघाभर चिखल, आणि पायाखाली तीच श्वासाची मुळं मोडतात. इंजिनाची होडी नेली तर तिला खोल पाणी लागतं, शिवाय पंख्यात पिशवी अडकली की इंजिन बंद. कयाक मात्र चार-सहा बोटं पाण्यातही तरंगते. अरुंद फाट्यात शिरते, वळायला जागा नसेल तर उलटं वल्हवत मागे येते. डिझेल लागत नाही. दोघी जणींची प्लास्टिकची उघडी कयाक दोघी-चौघी मिळून उचलून काठावर ठेवू शकतात.

तरी एक स्पष्ट सांगते: पहिल्याच बैठकीत कयाक विकत घ्यायचा ठराव करू नका. गटाचं कर्ज कचरा काढायच्या होडीत अडकवणं हा शहाणपणा नाही. जवळच्या पर्यटनवाल्याकडे कयाक असतील तर त्या आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकाम्या पडलेल्या असतात, त्या मागून बघा. खाडी साफ राहिली तर त्याचाही धंदा चालतो. कुठेच मिळाली नाही तर गावातली वल्ह्याची लहान होडी चालेल. ती जड असते आणि सगळ्या फाट्यांत शिरणार नाही, पण जास्त पोती घेते.

कयाकने कचरा काढायची एक नावाजलेली पद्धत डेन्मार्क देशातली आहे. तिथे कोपनहेगन शहरात २०१७ साली ‘ग्रीनकयाक’ हा उपक्रम सुरू झाला. शहराच्या मधून कालवे आहेत. लोकांना दोन तास कयाक फुकट मिळते, सोबत बादली आणि चिमटा. बदल्यात पाण्यातला कचरा काढायचा, परत आल्यावर तो वजन करून नोंदवायचा आणि आपला अनुभव इतरांना कळेल असा समाजमाध्यमावर टाकायचा. पुढे ही पद्धत इतर देशांतही गेली.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत: वजन आणि नोंद. तिसरी मात्र आपल्याला लागू होत नाही. तिथे माणूस सुट्टीच्या दिवशी मौजेला येतो, त्याला होडीची फेरी फुकट मिळाली म्हणजे मोबदला मिळाला. आपली बाई सकाळची भाकरी, गुरं, पाणी उरकून येते. तिला होडीत बसायला मिळालं हा काही मोबदला झाला नाही. याचं पुढे बघू.

बायकांना होडी वल्हवता येईल का, असं कोणी विचारलं तर वेंगुर्ल्याकडे बोट दाखवा. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः वल्हं मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात.

वेळ तिथीवरून काढा

या कामात सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर वेळ. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. सकाळी एकदा आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा एकदा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच; पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हीला पंधरा धरायचे. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या जास्त वेळाने पूर्ण सुकती. हा अंदाज आहे. खाडीच्या मुखापेक्षा आतल्या गावात भरती उशिरा पोचते, म्हणून आपल्या धक्क्यावर दोन-तीन दिवस उभं राहून घड्याळ लावून बघा आणि फरक किती तो लिहून ठेवा.

आता कामाची वेळ बसवू. कचरा कांदळवनाच्या वरच्या फांद्यांत लटकलेला असतो. तिथे होडी पोचायची तर पाणी भरलेलं हवं. म्हणून भरतीच्या दोन तास आधी निघायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, पूर्ण भरतीच्या आसपास फांद्यांतला कचरा काढायचा आणि पाणी उतरायला लागलं की भरलेली होडी घेऊन त्याच पाण्याबरोबर परतायचं. जाताना पाणी ढकलतं, येतानाही पाणीच ढकलतं. उलटं केलं तर भरलेली होडी प्रवाहाविरुद्ध वल्हवताना दंड भरून येतील.

सुकती लागल्यावर अरुंद फाट्यात ‘एवढी एक पिशवी काढते’ करत थांबायचं नाही. पाणी बघता बघता उतरतं, होडी चिखलावर बसते आणि मग पुढची भरती येईपर्यंत उन्हात बसून राहावं लागतं.

दुपार जवळ आली की समुद्राकडून वारा सुटतो, हलकी कयाक त्यात भरकटते. म्हणून काम सकाळीच हवं. सकाळी आठ ते दहाच्या मधली भरती कोणत्या तिथीला येते? एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. महिन्यातून दोनदा हे दिवस मिळतात. एकादशीचा उपास असेल तिने त्या दिवशी काठावर वजनाचं काम घ्यावं. रिकाम्या पोटी वल्हं मारायचं नाही. द्वादशीला उपास सोडून, पोटभर खाऊन या. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात प्रवाह जोराचा असतो, नवशिक्यांनी ते दिवस टाळावेत. आणि जून ते सप्टेंबर होडी काढायचीच नाही. पावसाळ्यात व्हाळाच्या तोंडाशी काठावरून काम करता येतं, ते पुढे सांगते.

सोबत काय घ्यायचं

लाइफ जॅकेट प्रत्येकीला, अंगावर, पट्टे आवळून. होडीत ठेवलेलं जॅकेट म्हणजे घरी ठेवलेलं जॅकेट. पोहता येणारीलाही यात सूट नाही. साडी घरी ठेवा. पाण्यात पडल्यावर साडीचे घोळ पायात अडकतात आणि भिजून जड होतात. पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅकपँट, ओढणी नको. सासूबाई काय म्हणतील हा प्रश्न काही गावांत येणार. ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्यांसाठी एकच पोशाख ठरवून टाकला की एकटीवर बोलणं येत नाही.

हातात जाड रबरी हातमोजे, पायात चिखलात सुटणार नाहीत असे बूट, डोक्याला टोपी. पिण्याचं पाणी घरून. मोबाइल दोन पिशव्यांत बांधून गळ्यात. कचरा काढायला आंबे उतरवायचा जुना झेला यासारखं दुसरं साधन नाही. लांब काठी, पुढे जाळी, तरंगती बाटली अलगद आत येते. कात्री किंवा विळी हवी, आणि सुया-ब्लेडसाठी झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा. कचरा भरायला गोणपाटापेक्षा मासळीचे प्लास्टिकचे क्रेट बरे, पाणी खाली गळतं. फक्त ते पाणी होडीत साचलं तर काढायला एक कापलेली बाटली ठेवा.

एकटी होडी कधीच काढायची नाही. कमीत कमी दोन होड्या, एकमेकींना हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. काठावर एक जण, जिच्याकडे किती जणी गेल्या आणि किती वाजता परतणार हे लिहिलेलं असेल.

पहिल्या दिवशी कचरा नाही, फक्त सराव. कमरेएवढ्या पाण्यात, गावातल्या कोळी भावाला सोबत घेऊन, मुद्दाम होडी उलटवून बघा. उलटली की तिला सोडायचं नाही, धरून राहायचं. प्लास्टिकची कयाक बुडत नाही, ती तुम्हालाही वर ठेवते. हे एकदा अंगाने कळलं की निम्मी भीती जाते.

कचरा काढताना

भार होडीच्या मधोमध आणि खाली. कडेला वाकून ओढायचं नाही, होडी त्या वस्तूजवळ न्यायची. जड वस्तू असेल तर एकीने दुसऱ्या बाजूने तोल धरायचा.

मुळांत गुंतलेली पिशवी हिसकायची नाही. ओढून पिशवी तर येते, पण सोबत मूळही येतं. जेवढं सुटं आहे ते कापून घ्या, बाकी चिखलात रुतलेलं राहू द्या. जाळ्यांचंही तसंच. टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं वर्षानुवर्षं मासे आणि कुर्ल्या पकडत राहतं, कोणी काढायला येत नाही तरी. ते काढणं फार मोलाचं, पण तुकड्या-तुकड्याने, आणि आपला हात-पाय त्यात गुंतणार नाही असं. आधी चौकशी मात्र करा की ते खरोखर टाकलेलं आहे ना. कोणाचं लावलेलं जाळं कापलं तर गावात भांडण.

बाटली उचलली की आत बघा. लहान कुर्ल्या, मासे आत शिरून मोठे होतात आणि तोंडातून बाहेर पडता येत नाही त्यांना. बाटली कापून त्यांना पाण्यात सोडा.

मेलेलं जनावर, रसायनाचे पिंप, न ओळखता येणारे डबे यांना हात लावायचा नाही. जागा लक्षात ठेवून ग्रामपंचायतीला कळवा.

हातापायाला जखम असेल त्या दिवशी होडीत बसू नका. उंदरांच्या मुतामुळे पाण्यातून, चिखलातून पसरणारा लेप्टोचा ताप सिंधुदुर्गात माहितीचा आहे, आणि तो जखमेतून शिरतो. काम झालं की साबणाने अंघोळ. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन खाडीत उतरले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगावर काढू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवलेलं बरं.

काढलेला कचरा जाणार कुठे

माझ्या मते होडी काढायच्या आधी सोडवायचा प्रश्न हाच. नाहीतर काय होतं? उत्साहाने वीस पोती काढतो, फोटो होतात, पोती धक्क्यावर राहतात. कुत्री फाडतात, पुढचं उधाण येतं आणि सगळं परत खाडीत.

काठावर आणल्यावर चिखल झटकून चार ढीग करा. पहिला, भंगारवाला घेईल तो: पाण्याच्या बाटल्या, जाड डबे, लोखंड, ॲल्युमिनियम, काच. खाऱ्या पाण्यातल्या मालाला तो कमी भाव देणार, हे धरून चाला. यातून गटाचा धंदा उभा राहील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दुसरा, पातळ पिशव्या आणि वेफर्स-गुटखा-शाम्पूच्या पुड्या. यांना भाव नाही आणि संख्येने याच जास्त. तिसरा ढीग डायपर, पॅड, सुया, औषधं यांचा, तो उघडा ठेवायचा नाही. चौथा, जाळी आणि दोर.

दुसऱ्या ढिगासाठी विचारायचं ते असं. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र उभारायची तरतूद आहे, त्यासाठी प्रत्येक तालुक्यामागे १६ लाख रुपयांपर्यंत निधी धरलेला आहे. आपल्या तालुक्यात ते झालं आहे का, चालू आहे का, गावातून तिथे गाडी कोण नेणार, हे पंचायत समितीत लेखी विचारा. उत्तर आल्यावर पहिली फेरी ठरवा.

जाळायचं मात्र नाही. थोडंसंच आहे म्हणून काठावर पेटवून दिलं तर तो विषारी धूर सगळ्यात आधी आपल्याच छातीत जातो, शेजारी उभ्या असलेल्या पोरांच्याही.

नोंदवही

आता आपल्या हातखंड्याच्या गोष्टीकडे. गटाचं दप्तर लिहायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

१९८६ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात लिंडा मॅरनिस आणि कॅथी ओहारा या दोघींनी समुद्रकिनारा सफाई ठरवली. सुमारे २८०० लोक आले. सफाया तर सगळेच करतात. या दोघींनी प्रत्येकाच्या हातात तक्ता दिला आणि सापडलेली प्रत्येक वस्तू मोजून लिहायला लावली. कोणाचा कचरा आहे ते त्यावरून कळू लागलं. अशा नोंदी पुढे जहाजांच्या कचऱ्याच्या चर्चेत कामी आल्या. ३१ डिसेंबर १९८८ पासून जहाजांनी समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय नियमाने बंदी आली. दर वर्षी सप्टेंबरमध्ये जगभर किनारा सफाईचा दिवस होतो, त्याची सुरुवात त्या टेक्सासच्या सफाईतून झाली.

आपल्या वहीत तारीख, तिथी, जागा, किती होड्या, किती जणी, किती तास, हे वर लिहा. खाली प्रकारवार नग आणि किलो. वजन लटकत्या काट्यावर, पाणी निथळल्यावर. चिखलासकट तोललं तर आकडा मोठा दिसतो पण खोटा असतो. पुड्या मोजणं कंटाळवाणं, म्हणून एका क्रेटमधल्या मोजा आणि क्रेटच्या संख्येने गुणा.

समजा तीन फेऱ्यांनंतर वहीत दिसलं की वरच्या पुलाजवळच्या फाट्यात पाण्याच्या लहान बाटल्या आणि जेवणाच्या पत्रावळ्या जास्त आहेत, तर वर कुठेतरी मंगल कार्यालय किंवा ढाबा आहे. मच्छी उतरायच्या धक्क्याजवळ थर्माकोल आणि दोर. आणि आपल्या वाडीच्या व्हाळाच्या तोंडाशी दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, डायपर सापडले तर ते कोणाचे, हे सांगायला नको. तिथे व्हाळावर, खाडीला मिळायच्या आधी, बांबू आणि जुनं जाळं लावून आडोसा करायचा. पावसाळ्यात पाऊस उघडला की काठावरून तो साफ करायचा, पूर असताना नाही. व्हाळाच्या तोंडाशी तासाभरात जेवढं निघतं तेवढं काढायला खाडीत होडीच्या किती तरी फेऱ्या लागतील. होडीचा मोठा उपयोग कचरा येतो कुठून हे शोधायला आहे, असं मी म्हणेन.

पैसे

मघाचा राहिलेला मुद्दा. खाडी सगळ्या गावाची, मग साफ करायला बचत गटाच्या बायाच का, आणि फुकट का? वर्षातून एकदा श्रमदान ठीक आहे. त्यात गावातले पुरुष, शाळा, दुकानदार, मच्छीमार सोसायटी सगळे हवेत. पण महिन्यातून दोनदा नेमाने करायचं असेल तर ते काम आहे आणि कामाला दाम लागतो.

निधी कुठून? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या ग्रामपंचायत अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे स्वच्छतेच्या नावाने गावाला पैसा येतो आणि तो कुठे खर्च झाला हे ग्रामसभेत विचारता येतं. शिवाय २०१७ पासून राज्यात कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्मिती योजना आहे, त्यात कांदळवनाच्या गावांतल्या गटांना खेकडा पालन, कालव पालन, निसर्ग पर्यटन अशा कामांना मदत मिळते. ज्या गावात ही समिती आहे तिथे सफाईचा विषय तिच्याच बैठकीत घ्या. काही कांदळवनं राखीव वन आहेत, त्यामुळे आत होडी नेण्याआधी कांदळवन कक्षाच्या किंवा वन विभागाच्या कर्मचाऱ्याशी बोलायलाच लागेल. पर्यटकांना पैसे घेऊन फिरवायचं असेल तर ते वेगळं, त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते.

ग्रामपंचायतीला अर्ज करताना मागणी आकड्यात लिहा: महिन्याला दोन फेऱ्या, प्रत्येकी किती जणी, किती तास, दर काय, लाइफ जॅकेट किती, होडीचं भाडं किती, पोती तालुक्याला नेणाऱ्या गाडीचा खर्च किती. विकास आराखडा ठरतो त्या ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, विषय तिथे मांडून ठराव घ्या आणि ठरावाची प्रत ग्रामसंघाच्या दप्तरात ठेवा. अर्जाला नोंदवहीच्या तीन फेऱ्यांची पानं जोडा. त्यावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची पोच सही-शिक्क्यासह घ्यायला विसरू नका.